आमोसचं माप : संदेष्टा आणि त्याचा काळ

(सीबीडी बेलापूर येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती तेवढी कमी केली आहे.)



विषय जाहीर झाल्यावर दोघातिघांनी मला विचारलं, की सर, बेलापुरात हिब्रू संदेष्टा कशाला? प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर इथून लोकलनं चार स्टेशनं पुढे आहे. पनवेलमध्ये बेने इस्रायली समाजाचं १८४९ सालचं सिनेगॉग आहे. त्याचं नाव ‘बेथ एल’, म्हणजे देवाचं घर. रेवदंड्याच्या सिनेगॉगचंही नाव हेच. हे मूळचं एका गावाचं नाव. जेरुसलेमच्या उत्तरेला सोळा-सतरा किलोमीटरवरचं हे गाव मराठी बायबलात ‘बेथेल’ म्हणून येतं. याकोबाला स्वप्नात आकाशाला टेकलेली शिडी दिसली ती इथे. आणि ख्रिस्तपूर्व आठव्या शतकात याच बेथेलच्या मंदिरातून तिथल्या पुरोहितानं एका माणसाला निघून जायला सांगितलं. त्या माणसाचं नाव आमोस. ज्यांच्या नावावर स्वतंत्र ग्रंथ आहे अशा हिब्रू संदेष्ट्यांमध्ये तो काळानं बहुधा सर्वांत आधीचा. ग्रंथ केवढा? नऊ अध्याय. तासाभरात वाचून होतात. आज या नऊ अध्यायांबद्दल बोलू.

आधी कोकणातली गोष्ट. बेने इस्रायली परंपरा सांगते की त्यांचे पूर्वज जहाज फुटून अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला लागले. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, पोथ्या समुद्रात गेल्या. पुढे हा समाज कोकणात तेलाचे घाणे चालवत राहिला. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणू लागले. त्यांच्याकडे सुंता होती, खाण्यापिण्याचे नियम होते, ‘शेमा’ ही प्रार्थना होती, शनिवार होता. ग्रंथ नव्हता. आणि संदेष्ट्यांपैकी त्यांच्या घरात नांदत होता तो एलीया. अलिबागजवळच्या खंडाळ्यात तो येऊन गेला, खडकावर त्याच्या रथाची खूण उमटली अशी श्रद्धा. मलिदा करतात तो त्याच्या नावानं. आता गंमत बघा, या एलीयाच्या नावावर एकही ग्रंथ नाही. म्हणजे कोकणात संदेष्टा आला तो विधीतून आणि आठवणीतून. ज्यांचे ग्रंथ आहेत ते संदेष्टे खूप नंतर आले, आणि ते छापखान्यातून आले.

छापखान्यातून कसे आले, हे आपल्या विषयाला धरून आहे. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन १८२९ साली मुंबईत आले. १८३२ मध्ये त्यांनी हिब्रूचं व्याकरण मराठीत छापलं. मिशनऱ्यांना संदेष्टे शिकवायचे होते त्यामागे उघड हेतू होता. येशूच्या येण्याचं भाकीत या लोकांनी आधीच करून ठेवलं होतं, हे दाखवायचं. म्हणून जुन्या मराठी ख्रिस्ती वाङ्मयात शब्द आला ‘भविष्यवादी’. पुढे ‘संदेष्टा’ हा शब्द अधिक रूढ झाला. बेने इस्रायलींनी मात्र हिब्रू घेतली आणि हेतू बाजूला ठेवला. १८४६ मध्ये मुंबईत आणि १८७४ मध्ये पुण्यात वल्हांडणाची ‘हग्गादा’ त्यांच्यासाठी मराठी भाषांतरासह छापली गेली. जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. तिकडे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाई साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत सगळं बायबल मुळावरून उतरवायला बसल्या, त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. १९२२ साली त्या गेल्या, १९२४ साली ते बायबल पूर्ण छापून झालं. सांगायचा मुद्दा असा, की हिब्रू संदेष्टा मराठीत परका नाही. तो दीडशे-दोनशे वर्षं इथे आहे. पण आपण त्याला वाचतो कसा, हा खरा प्रश्न.

‘भविष्यवादी’ म्हटलं की वाचक काय करतो? भाकीत शोधतो आणि ते खरं ठरलं की नाही ते तपासतो. हिब्रू शब्द आहे ‘नावी’. त्याची व्युत्पत्ती बहुधा ‘हाक मारणे’ या अर्थाच्या धातूशी जाते. ज्याला हाक आली तो, किंवा जो हाक देतो तो. दोन्हीत उद्याच्या दिवसाचा संबंध नाही. संबंध आहे तो समोर उभ्या असलेल्या माणसांशी.

आणि भाकिताच्याच कसोटीला लावायचं म्हटलं, तर आमोस अडचणीत येतो. सातव्या अध्यायात बेथेलचा पुरोहित अमस्या राजा यराबामाकडे निरोप धाडतो, की हा आमोस तुमच्याविरुद्ध कट करतोय, तुम्ही तलवारीनं मराल असं सांगत फिरतोय. राजांच्या दुसऱ्या ग्रंथात बघा. यराबाम तलवारीनं मेल्याचा तिथे उल्लेख नाही, तो आपल्या पूर्वजांना जाऊन मिळाला एवढंच आहे. खून झाला तो त्याच्या मुलाचा. मग भाकीत चुकलं? दोन-चार ओळी मागे जा. आमोसच्या तोंडी शब्द आहेत ते यराबामाच्या घराण्यावर तलवार येण्याचे. पुरोहितानं ‘घराणं’ गाळलं आणि नुसतं ‘यराबाम’ ठेवलं. राजाकडे तक्रार करताना माणूस मजकूर कसा धारदार करतो, ते इथे दिसतं. भाकीत तपासणारा वाचक इथे खरं-खोटं करत बसेल. काळ आणि प्रसंग बघणाऱ्याला एक दरबारी अहवाल सापडतो, आणि ज्यांनी ग्रंथ जपला त्यांनी ही विसंगती न पुसता राहू दिली, हेही कळतं.

हे वाचायचं कसं, याची शिस्त आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना स्पिनोझानं घालून दिली. १६५६ साली ॲमस्टरडॅमच्या ज्यू समाजानं बहिष्कृत केलेला हा माणूस. १६७० मध्ये त्याचा धर्म आणि राज्यसत्ता यांवरचा ग्रंथ निनावी छापला गेला. त्याच्या सातव्या प्रकरणात तो सांगतो, की पवित्र ग्रंथाचा अर्थ लावायचा तर भाषा जाणा, ग्रंथ एका विषयावर कुठे काय म्हणतो ते एकत्र करा, आणि प्रत्येक पुस्तकाचा इतिहास विचारा. कोणी सांगितलं, कोणत्या प्रसंगी, कोणाला, आणि पुढे ते कोणाकोणाच्या हातातून गेलं. अर्थ आधी. तो खरा आहे का, हा प्रश्न नंतर. आपण नेमकं उलटं करतो. आधी मान डोलावतो, मग अर्थ शोधतो.

तर विचारू. कोणी सांगितलं?

रविवारच्या शाळेतलं चित्र असं, की आमोस म्हणजे गरीब मेंढपाळ, फाटकी घोंगडी, राजाला न भिणारा. ग्रंथाच्या पहिल्या ओळीत त्याच्यासाठी शब्द आहे ‘नोकेद’. हाच शब्द बायबलात आणखी एका माणसासाठी आलाय, तो म्हणजे मवाबचा राजा मेशा. तो लाखावारी मेंढ्यांची लोकर खंडणी म्हणून देत होता. म्हणजे ‘नोकेद’ हा कळपांचा मालकही असू शकतो. आमोस स्वतःबद्दल सांगतो की तो गुरं राखतो आणि सायकमोरच्या फळांचं काम करतो. हे झाड आपल्या उंबराचं भाऊबंद. त्याचं फळ पिकावं म्हणून त्याला चिरा पाडतात. पण आमोसचं गाव तकोवा. जेरुसलेमच्या दक्षिणेला, उंच, कोरड्या डोंगराच्या कडेला. हे झाड तिथलं नाही, ते खालच्या सखल भागात येतं. म्हणजे हा माणूस हंगामानुसार हिंडणारा, बाजार बघितलेला, माल कुठे जातो आणि भाव कसा पडतो ते जाणणारा असणार. गरीब होता असं ठामपणे म्हणायला आधार नाही. आणि हे बरंच झालं. गरिबाची कळ गरिबालाच येते, असं समजून आपण मोकळे होतो. आमोस बहुधा व्यवहारातला माणूस होता, म्हणून त्याला माप माहीत होतं.

कोणत्या प्रसंगी?

इस्रायलची तेव्हा दोन राज्यं होती. दक्षिणेला यहूदा, राजा उज्जीया. उत्तरेला इस्रायल, राजधानी शोमरोन, राजा दुसरा यराबाम. आमोस दक्षिणेचा आणि बोलायला गेला उत्तरेला. काळ साधारण इ.स.पू. ७६० ते ७५० च्या आसपासचा. ग्रंथाचं शीर्षक म्हणतं, भूकंपाच्या दोन वर्षं आधी. हासोरच्या उत्खननात याच काळातल्या भूकंपाच्या खुणा सापडल्या आहेत, आणि पुढे जखऱ्याच्या ग्रंथातही उज्जीयाच्या काळातल्या त्या भूकंपाची आठवण आहे. दिवस भरभराटीचे होते. दमास्कस दुबळं झालं होतं, असिरियाचे राजे घरच्या भांडणात गुंतले होते, यराबामानं सरहद्द वाढवली होती. तिग्लथ-पिलेसर तिसरा इ.स.पू. ७४५ मध्ये गादीवर आला आणि चित्र पालटलं. ७२२-२१ मध्ये शोमरोन पडलं आणि सत्तावीस हजारांवर माणसं हलवल्याची नोंद असिरियाच्या सार्गोननं करून ठेवली. पण आमोस बोलतोय तेव्हा यातलं काही घडलेलं नाही. आपल्याकडे परंपरेनं चालत आलेल्या हिब्रू पाठात असिरियाचं नावसुद्धा नाही. दमास्कसच्या पलीकडे नेले जाल, एवढंच. हे लक्षात ठेवा. संकटात लोकांना सावध करणं सोपं असतं. हा माणूस तेजीच्या बाजारात उभा राहून बोलत होता.

आणि त्या तेजीचे कागद आपल्या हाती आहेत. कागद म्हणजे खापरं. १९१० साली शोमरोनच्या उत्खननात शाईनं लिहिलेली शंभरेक खापरं सापडली. आठव्या शतकाच्या पूर्वार्धातली. काय आहे त्यांवर? जुनी दारू, शुद्ध केलेलं तेल. अमुक गावाहून, अमक्याच्या नावे, राजाच्या अमुक वर्षी. मालाच्या नोंदी. पुढे १९३० च्या दशकात तिथेच कोरीव हस्तिदंताचे शेकडो तुकडे निघाले, पलंगांना आणि आसनांना जडवलेले. आमोस हस्तिदंती पलंगांवर लोळणाऱ्यांचा, उंची तेल अंगाला लावणाऱ्यांचा, कटोऱ्यांनी दारू पिणाऱ्यांचा उल्लेख करतो, तेव्हा त्याला कवीची अतिशयोक्ती म्हणून सोडून देता येत नाही. त्याचं तेल आणि दारू खापरांवर मांडलेली आहे.

या खापरांनी आणखी एक गोष्ट दिली. त्यांवर ‘दारू’ हा शब्द उत्तरेच्या उच्चाराप्रमाणे लिहिलाय. दक्षिणेत ‘यायिन’, उत्तरेत ‘येन’. मधला ‘आयि’ उत्तरेत ‘ए’ होतो. आठव्या अध्यायात आमोसला उन्हाळी फळांची टोपली दिसते. हिब्रूत उन्हाळी फळ म्हणजे ‘कायित्स’ आणि शेवट म्हणजे ‘केत्स’. देव विचारतो काय दिसतं, तो फळ म्हणतो, आणि देव त्यातून शेवट काढतो. दक्षिणेच्या उच्चारात हा श्लेष थोडा ओढूनताणून होतो. उत्तरेच्या माणसाच्या तोंडी दोन्ही शब्द एकच. हा दक्षिणेचा माणूस उत्तरेच्या बाजारात उभा राहून फळवाल्याची आरोळी ऐकतोय आणि त्याच आरोळीतला दुसरा अर्थ त्यांना ऐकवतोय. घाटावरच्या माणसानं कोकणी हेल पकडून कोकणातल्याच माणसाला निरुत्तर करावं, तसं. मराठीत ‘फळ’ म्हटलं की कर्माचं फळ आपोआप ऐकू येतं आणि आपण समजतो, कळलं. पण तो वेगळा अर्थ झाला. हिब्रू श्लेष फळ मिळण्याचा नाही, हंगाम संपण्याचा आहे.

आता मुख्य आरोपाकडे येऊ, कारण सगळं त्यावर अवलंबून आहे.

आमोस व्यापाऱ्यांच्या मनातलं बोलतो. अमावस्येचा सण कधी संपेल, शब्बाथ कधी सरेल, म्हणजे धान्य विकायला काढता येईल, ही त्यांची घाई. मग तो दोन गोष्टी सांगतो. एफा लहान करतात आणि शेकेल मोठा करतात. हे काय आहे ते नीट बघा. एफा हे धान्याचं माप, आपल्या पायलीसारखं. शेकेल हे नाणं नव्हे. नाणी तेव्हा नव्हतीच. शेकेल म्हणजे वजनाचा दगड, सुमारे ११ ग्रॅमचा, चांदी तोलायचा. म्हणजे धान्य देताना पायली लहान आणि त्याची चांदी घेताना दगड जड. एकाच सौद्यात दोन्हीकडून चोरी. वर चाळणीखालचा कोंडा धान्यात मिसळायचा. आपल्याकडे ‘मापात पाप’ म्हणतात, ते इथे शब्दशः. आणि शब्बाथ मोडला नाही हं त्यांनी! दुकान बंद ठेवलं, नियम पाळला. मन फक्त मापात होतं. आता कोकणातला तो शनिवार तेली आठवा. त्याच्याकडे आमोसचा ग्रंथ नव्हता, पण त्याचा घाणा शनिवारी थांबत होता. सुट्टी पाळणं आणि सुट्टी संपायची वाट बघत दात खाणं, यातला फरक आमोसला दाखवायचा आहे.

दुसरा आरोप वस्त्राचा. दुसऱ्या अध्यायात आहे, की गहाण ठेवून घेतलेल्या वस्त्रांवर ते प्रत्येक वेदीजवळ लवंडतात, आणि दंडात वसूल केलेली दारू देवाच्या घरात पितात. निर्गमाच्या ग्रंथातला कायदा असा, की गरिबाचं पांघरूण गहाण घेतलं तर सूर्य मावळायच्या आत परत करा, कारण रात्री त्याच्या अंगावर दुसरं काही नसतं. हा कायदा नुसता ग्रंथातला होता का? १९६० साली इस्रायलच्या किनाऱ्यावर यावने-यामजवळच्या एका छोट्या किल्ल्यात एक खापर सापडलं. आमोसच्या नंतरचं, इ.स.पू. सातव्या शतकाच्या अखेरचं. एका शेतमजुराचा तो अर्ज आहे, अधिकाऱ्याला केलेला. मी माझी कापणी पुरी केली, तरी होशायाहू नावाच्या माणसानं माझं वस्त्र नेलं, माझे सोबती साक्ष देतील, वस्त्र परत मिळवून द्या. अशा आशयाचा. बघा, एवढ्याशा खापरानं काय होतं! आमोसचं वाक्य उपमा राहत नाही. ते वस्त्र कोणाच्या तरी अंगावरून उतरलेलं आहे.

इथे मला एका लाडक्या वाचनाशी भांडायचं आहे. पाचव्या अध्यायात देव म्हणतो की तुमचे सण मला नकोत, तुमचे होम मला नकोत, तुमची गाणी बंद करा. मराठी वाचकाला हे ऐकताच संत आठवतात. कर्मकांडाचा निषेध! टाळ्या. एकोणिसाव्या शतकातले जर्मन पंडित आणि त्यांच्यामागून बरेच प्रॉटेस्टंट लेखक हेच म्हणत होते, की संदेष्ट्यांचा धर्म शुद्ध नीतीचा, पुरोहितांचा धर्म पोकळ विधीचा. त्या वाचनात ज्यू धर्माची हेटाळणीही गुपचूप आत आली. पण ग्रंथ काय म्हणतो? वेदीजवळचं वस्त्र गहाणाचं आहे. प्यालेली दारू दंडाची आहे. बेथेलला तर अमस्या पुरोहित स्वतःच म्हणतो की हे राजाचं मंदिर आहे. देवाचं घर, हा त्या नावाचा अर्थ, तो त्याच्या तोंडी येतच नाही. म्हणजे प्रश्न विधी करावा की करू नये असा नाही. विधीचा खर्च कोणाच्या अंगावरून वसूल झाला, हा आहे. आमोस पूजेचा हिशेब मागतो. त्याला ‘कर्मकांडाचा विरोधक’ म्हटलं की हिशेब बाजूला पडतो आणि आपण, जे विधी करत नाही असं समजतो, अगदी निर्धास्त होतो.

संतांशी तुलना करायचीच तर नीट करू. तुकोबांचं वाचन आपण १६३० च्या दुष्काळाशिवाय करत नाही. परंपरा सांगते की त्यांनी सावकारीची खतं इंद्रायणीत सोडली, आणि भावाच्या वाट्याची खतं मात्र भावाला दिली. खत म्हणजे काय, व्याज म्हणजे काय, दुष्काळात सावकार कोणाच्या दारात उभा राहतो, हे माहीत असलेला वाचक त्यांचे शब्द वेगळे ऐकतो. ही चरित्रकथा महिपतींनी अठराव्या शतकात सविस्तर लिहिली, म्हणजे तिच्यातही ऐकीव किती, हा प्रश्न राहतो, आणि तोही आपण विचारतो. आमोसच्या बाबतीत मी एवढंच मागतोय. आपल्या कवीला जो काळ आपण देतो, तो त्याला द्या. आणि मग फरकही दिसेल. तुकोबांनी स्वतःचं येणं सोडलं. आमोस दुसऱ्यांचं घेणं चव्हाट्यावर मांडतो. दोघांची वाट एक नाही.

एक चिठ्ठी आली आहे. एका ताईंनी विचारलंय, की मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९६३ च्या वॉशिंग्टनच्या भाषणात आमोस वापरला, तेव्हा त्यांनी खापरं कुठे मोजली होती? इतिहास माहीत नसला तरी शब्द काम करतातच की.

उत्तम प्रश्न आहे, टाळणार नाही. किंगना इतिहास ठाऊक होता, ते ईश्वरविद्येचे डॉक्टरेट होते. पण ते सोडा. तुमचा मुद्दा खरा आहे. शब्द काळाबाहेर जाऊन काम करतात, नाहीतर आपण वाचलेच नसते. न्याय पाण्यासारखा वाहू दे, ही त्यांनी घेतलेली प्रतिमा. आता इथे बसून ऐका. आपल्याला पाणी म्हटलं की जुलै महिना आठवतो. पारसिकच्या डोंगरावरून ओढे धो धो कोसळतात. आणि मार्चमध्ये? दगड. आमोसच्या देशातही बहुतेक ओढे असेच, पावसात वाहणारे आणि एरवी कोरडे. म्हणून तो नुसता ओढा म्हणत नाही. तो ‘एतान’ हा शब्द लावतो, म्हणजे बारमाही. त्याला पूर नकोय. पूर आला की सगळे बघायला जातात, फोटो काढतात, आणि आठ दिवसांनी विसरतात. त्याला उन्हाळ्यात आटणार नाही असं पाणी हवंय. आणि ‘न्याय’ म्हणून जो शब्द आहे, ‘मिश्पात’, तो मनातला सद्‌भाव नव्हे. तो निवाडा आहे, वेशीत बसून दिलेला. त्या काळी शहराच्या वेशीत पंच बसत, खटले चालत. आपली चावडीच म्हणा ना. लाच घेऊन गरिबाचा दावा वेशीतच बाजूला सारतात, ही आमोसची तक्रार. तेव्हा ताई, इतिहासाशिवाय ती प्रतिमा आपल्याला हलवते, हे मान्य. इतिहासासकट ती आपल्याकडे काहीतरी मागते. रोज भरणारं, लाच न घेणारं न्यायासन.

आता थोडं पुढच्या हातांविषयी, कारण स्पिनोझाचा तो शेवटचा प्रश्न आहे. हा ग्रंथ आमोसनं एकटाकी लिहिलेला नाही. सातव्या अध्यायातला बेथेलचा प्रसंग कोणीतरी त्याच्याविषयी, तृतीयपुरुषात सांगतोय. शेवटच्या पाच ओव्यांत दाविदाचा पडका मांडव पुन्हा उभारण्याचं आश्वासन आहे. ते बऱ्याच अभ्यासकांच्या मते यहूदाही पडल्यानंतरच्या काळातलं. मग ते खोटं का? नाही. कोणीतरी उद्‌ध्वस्त झालेल्या माणसांनी हा आरोपांचा ग्रंथ हातात धरला, तो खरा ठरला म्हणून जपला, आणि शेवटी आपल्या मुलांसाठी चार आशेच्या ओळी जोडल्या. त्या ओळींचा काळ वेगळा आहे, हे कळल्यावरच त्यांतलं दुःख कळतं. आमोसच्याच तोंडी त्या घातल्या, तर तो नऊ अध्याय धमकावून शेवटी गोड बोलणारा होतो.

ज्यू वाचनक्रमही असाच अर्थ जोडतो. चांदीसाठी सज्जन माणूस विकला, पायतणाच्या जोडासाठी गरीब विकला, हा आमोसचा आरोप ज्या भागात आहे, तो भाग सिनेगॉगमध्ये वाचतात तो सर्वसाधारणपणे योसेफाच्या कथेबरोबर. भावांनी वीस चांदीच्या तुकड्यांना विकलेला योसेफ. ज्यांनी ही जोडी लावली त्यांनी मोठी टीका लिहिली, एक शब्दही न लिहिता. त्यांनी सांगितलं, की आमोस जे म्हणतो ते परक्यांच्या बाजारात नाही, भावाभावांत सुरू झालं.

इतिहासवाल्यांनाही एक धोका आहे, म्हणून माझ्या पंथावरही बोलतो. सन लावला, खापर दाखवलं, हस्तिदंत दाखवलं, की आपलं काम संपलं असं आम्हाला वाटतं. ग्रंथ संग्रहालयात गेला. आमोसच्या पहिल्या दोन अध्यायांची मांडणी बघा, यावर त्याचा आधीच बंदोबस्त आहे. तो उत्तरेच्या लोकांसमोर उभा राहतो आणि एकेका शेजाऱ्याचा गुन्हा सांगतो. दमास्कसनं लोखंडी मळणीच्या अवजारांनी गिलादला मळलं. गज्जा माणसं विकतो. सोर, अदोम, अम्मोन, मवाब. कोणी गर्भार बायका फाडल्या, कोणी राजाची हाडं जाळली. समोरच्यांच्या माना डोलत असणार, खरंय, नीच लोक! मग यहूदा, दक्षिणेचा भाऊबंद. ही यहूदाची ओळ नंतरची असावी, असं पुष्कळांना वाटतं. आणि माना डोलत असतानाच तो म्हणतो, आता इस्रायल. तुम्ही. आणि तुमचा गुन्हा लढाईतला नाही. मापाचा, वस्त्राचा, वेशीचा आहे. नवव्या अध्यायात तर तो आणखी पुढे जातो. देवानं तुम्हाला मिसरातून आणलं, तसं पलिष्ट्यांना कफ्तोरातून आणि अरामींना कीरातून आणलं. आमचा इतिहास वेगळा, ही शेवटची पळवाटही बंद.

गेला पाऊण तास आपण सगळे शोमरोनच्या लोकांवर खूश होऊन रागावलो. हस्तिदंती पलंग, चोरटी पायली. मीही बोलताना रंगलो, तुमच्याही माना डोलत होत्या. हीच ती पहिल्या दोन अध्यायांतली जागा आहे. संदेष्ट्याला त्याच्या काळात ठेवून वाचण्याचा उपयोग तो दूर आहे हे कळण्यासाठी नाही. तो किती बारकाईनं बोलला हे कळण्यासाठी आहे. म्हणजे मग आपणही मोघम राहू शकत नाही. समाजात अन्याय आहे, हे कोणीही म्हणेल आणि घरी जाऊन जेवेल. माप कोणाचं, दगड कोणाचा, रात्री पांघरूण कोणाचं आपल्याकडे राहिलं, हा आमोसचा प्रश्न आहे. बांधकामावरच्या मजुराची अडवून ठेवलेली मजुरी असेल, घरकामाच्या बाईचा कापलेला खाडा असेल, भाडेकरूचं परत न दिलेलं डिपॉझिट असेल. यादी ज्याची त्यानं करावी. आमोसनं त्याच्या गावाची केली, नावागावासकट, आणि तेजीच्या दिवसांत केली.

वेळ संपली. घरी बायबल असेल तर आज आठवा अध्याय वाचा, चौदाच ओव्या आहेत.